गाढ झोपेतली सहा माणसं

"दरवर्षी या बसायच्या गाद्या पातळ होत चालल्यात," तोमोए पुटपुटली. ती इतकी खेटून बसली होती की तिच्या तोंडाचा मुळ्याच्या लोणच्याचा वास किनुएला आला. "पुढच्या वर्षी नुसती चटईच टाकतील. गुडघे आमचे, काटकसर मालकांची."

"हळू. बघतायत इकडे."

"बघेनात का! आज लहानमोठं कुणी नाही ना? आत्ताच तर जाहीर केलंय."

जाहीर केलं होतं खरं. निनोमिया मालक दरवर्षी पहिला पेला उंच धरून तेच म्हणत: आज कुणी साहेब नाही, कुणी नोकर नाही, मनात असेल ते मोकळेपणी बोला. आणि दरवर्षी साठ माणसं खाली मान घालून हसत आणि मनातलं मनातच ठेवत. सहा वर्षांपूर्वी पॅकिंगमधल्या एका नव्या माणसाला ते खरं वाटलं होतं. मालक फार बेसूर गातात, एवढंच तो बिचारा म्हणाला. मालक सगळ्यांत मोठ्याने हसले. फेब्रुवारीत त्याची बदली शीतगृहात झाली.

मासळीच्या तळलेल्या वड्यांचा कारखाना. डिसेंबरभर नववर्षाच्या सणाच्या मागणीपायी श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून वर्षअखेरची मेजवानी यांच्याकडे जानेवारीत होते. आणि सगळे रात्री तीनला उठणारे, म्हणून ती भरदुपारी होते. बसने तासाभरावरचं गरम पाण्याच्या झऱ्याचं हॉटेल, वरच्या मजल्यावरचं चटयांचं मोठं दालन, दोन्ही बाजूंनी रांगेने मांडलेली ताटं.

रांगेच्या अगदी टोकाला हात्सुमी बसली होती. उजव्या हाताला पांढरं बँडेज. तिच्या ताटाशी जेवायच्या काड्यांच्या जोडीला एक चमचाही ठेवलेला होता. तो कुणी मागितला नव्हता, हॉटेलवाल्यांनी आपणहून ठेवला होता. साठ माणसं त्या चमच्याकडे न बघण्यात गुंतली होती.

वीस डिसेंबरच्या पहाटे मासळी दळायच्या यंत्राने हात्सुमीची दोन बोटं नेली. यंत्राच्या तोंडावर लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. त्या दिवशी ती नव्हती. महिन्याच्या सुरुवातीपासूनच नव्हती, कारण जाळीमुळे मासळी सावकाश उतरते आणि सणाला सावकाश चालत नाही.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तोमोए स्वतः म्हणाली होती, "कसली जाळी? वीस दिवस कोपऱ्यात पडली होती की!"

मग फोरमन ओचिसाहेब एकेकाला भेटू लागले. धमकी नाही, दरडावणी नाही. हसून जवळ यायचे, हातावर घरच्या बागेतलं संत्रं ठेवायचे आणि विचारायचे, "त्या दिवशी जाळी होती ना हो? हात्सुमीबाईंनी घाईत काढली असेल, नाही का? नीट आठवून बघा." दोन दिवसांनी पुन्हा संत्रं, पुन्हा तेच. नवीन वर्ष उजाडेपर्यंत तोमोए सांगू लागली, "होती गं जाळी. तिचा खडखडाट अजून कानात आहे माझ्या."

ती खोटं बोलत असती तर किनुएला कळलं असतं. खोटं बोलताना तोमोए नाक खाजवते, बावीस वर्षांची ओळख आहे. ती नाक खाजवत नव्हती. तिला खरोखरच खडखडाट ऐकू येत होता.

त्याहून वाईट म्हणजे गेल्या आठवड्यात हात्सुमीच म्हणाली, "मीच काढली असेन, किनुएताई. सगळे म्हणतायत म्हणजे काढलीच असेन."

सोमवारी ती तसा कागद सही करून देणार होती: जाळी मी माझ्या हाताने काढली, चूक माझी. एकदा ती सही झाली की पुन्हा कुणी काही विचारणार नव्हतं. जाळी आता बसवली होती खरी, पण पुढचा सण आला की ती पुन्हा कोपऱ्यात जाणार. आणि त्या यंत्रावर आता वीस वर्षांची मिओ उभी राहते.

आणि किनुए? यंत्रापासून दोन पावलांवरच्या टेबलाशी मासे निवडणारी किनुए? ती ओचिसाहेबांना म्हणाली होती, "मी पाठमोरी असते हो, मला काय दिसणार!" आणि तिने संत्रं सोलून खाल्लं होतं. गोड होतं.

टाळ्या वाजल्या तशी ती भानावर आली. करमणुकीचा कार्यक्रम सुरू होत होता. दरवर्षी गाणं असायचं, यंदा संमोहनाचा खेळ. कोगेत्सु मास्तर नावाचा साठीचा माणूस काळा किमोनो घालून मंचावर आला. पायातल्या पांढऱ्या मोज्याची टाच रफू केलेली होती. टाके बारीक पण गरजेपेक्षा घट्ट, स्वतःच्याच हातचे असणार.

"सगळ्यांनी हात जोडा, बोटं एकमेकांत गुंतवा. आता पहिली दोन बोटं सोडवा, सरळ करा, त्यांच्यामध्ये फट ठेवा. बघा, ती आपोआप जवळ येतायत... येतायत..."

दालनभर "अगंबाई!" झालं. किनुएची बोटंही जवळ आली. येणारच, हात तसे धरले की कुणाचीही बोटं मिटतात, त्यात जादू कसली! पण तिच्या लक्षात आलं, मास्तर बोटांकडे बघतच नव्हता. तो चेहरे बघत होता. कोण लगेच ऐकतं, कोण शेजारणीकडे बघून मग करतं, कोण हसून हात सोडतं. बावीस वर्षं तिने टोपलीतले मासे नजरेने वेगळे केले होते. निवड चालली आहे हे तिला कळायला वेळ लागला नाही.

त्याने पाच जण निवडले. पाचवी किनुए.

"अहो मास्तर, हात्सुमीबाईंनाही घ्या की!" ओचिसाहेबांनी जागेवरून हाक दिली. "बिचारी महिनाभर घरात बसून आहे. तेवढाच विरंगुळा!"

टाळ्या पडल्या. साठ जणांच्या टाळ्या म्हणजे हुकूमच. हात्सुमी उठली.

सहा खुर्च्या, सहा माणसं. किनुएच्या एका बाजूला मिओ, दुसऱ्या बाजूला हात्सुमी. "तीन म्हणताक्षणी गाढ झोपाल," मास्तर मोठ्याने म्हणाला आणि एकेकाच्या मानेवर हात ठेवत निघाला. किनुएच्या मानेवर हात आला तेव्हा तो ओठ न हलवता कुजबुजला, "काकू, जरा सांभाळून घ्या हं." मग मोठ्याने, "तीन!"

तिने मान टाकली. काय करणार? माणूस एवढ्या अजीजीने म्हणतोय, वर मालक बघतायत.

मिओचं डोकं धप्पकन तिच्या खांद्यावर पडलं. ही पोरगी खरंच झोपली की, किनुएला वाटलं. मग पापण्यांच्या फटीतून तिला मिओचे पाय दिसले. अंगठे आवळून धरले होते पोरीने, हसू दाबायला. तेव्हा किनुएला सगळा खेळ उमगला. प्रत्येकीला वाटतं, बाकीच्या खरोखर झोपल्यात, मीच काय ती लबाड. त्या लाजेनेच प्रत्येकीचे डोळे मिटलेले राहतात. मास्तरला काही करावंच लागत नाही.

"तुमच्या डोक्यातून सात हा आकडा पुसला गेलाय. मोजा बरं बोटं!"

"पाच, सहा, आठ, नऊ, दहा, अकरा," मिओने मोजलं. दालन खदाखदा हसलं. किनुएनेही इमानदारीत अकरा मोजली. मास्तर पुढे सरकला, हात्सुमीसमोर आला, तिच्या बँडेजकडे त्याची नजर गेली, आणि बोटांचा खेळ त्याने तिथेच गुंडाळला. हसणं विझलं. कुणीतरी उगाच खोकलं.

तेवढ्यात ओचिसाहेब मंचावर आले. मास्तरच्या कानाशी वाकून ते बोलत होते, पण किनुएची खुर्ची हातभर अंतरावर होती.

"त्या दिवसाच्या पहाटेत न्या यांना. जाळी यांनीच काढली, पण नीट आठवत नाही. आठवलं की यांचंच मन हलकं होईल."

"साहेब, मी असलं करत नाही. माझा हसण्याखेळण्याचा कार्यक्रम."

"मग हाही खेळच की. मालकांची इच्छा आहे."

मास्तरने मालकांकडे पाहिलं. मालकांनी हसून पेला किंचित उचलला. मास्तरने रफू केलेला पाय मागे घेतला, मग पुन्हा पुढे टाकला.

"हात्सुमीबाई," त्याचा आवाज आता गोधडीसारखा मऊ झाला होता, "वीस डिसेंबर. पहाट. थंडी आहे. यंत्र सुरू आहे. आवाज येतोय?"

"येतोय."

"मासळीचा ढीग वाढत चाललाय. मागून कुणीतरी म्हणतंय, आवरा, आवरा."

"हो."

"समोर जाळी आहे."

हात्सुमीच्या मिटल्या पापण्या हलल्या.

"आहे ना?"

"...आहे."

"ती आड येतेय. कामाला उशीर होतोय. तुमचा हात तिच्याकडे जातोय... तिचा नट फिरवतोय..."

बँडेजचा हात मांडीवरून उठला. हवेत थांबला. मग बरणीचं झाकण उघडावं तसा सावकाश फिरू लागला.

एकाही काडीचा आवाज होत नव्हता. किनुएने पापण्यांआडून हात्सुमीचा चेहरा पाहिला. ही नाटक करत नव्हती. मास्तरला सांभाळून घेत नव्हती. ती मन लावून बघत होती. तिच्यासमोर खरोखर एक जाळी उभी राहत होती. महिनाभर साठ माणसांनी मिळून विणलेली.

आणि किनुएलाही ती दिसू लागली. चकचकीत, चौकोनी, यंत्राच्या तोंडावर बसलेली. चार कोपऱ्यांना चार नट. होती की काय खरंच? दिसतेय तर खरी. हा तिचा काठ, हे नट, खाऱ्या पाण्याने गंजून तांबडे झालेले...

गंजलेले नट. बोटांनी?

तिचा उजवा तळवा एकदम गार पडला. तळव्याला पाना आठवला होता. तेरा नंबरचा, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. एक डिसेंबर, सकाळ. ओचिसाहेब यंत्रावर वाकलेले, मागे न बघता हात पसरून म्हणतायत, "किनुएबाई, तेरा नंबर द्या." आणि तिने तो दिला. समोरासमोर उभं राहून दिला. पाठमोरी कुठली! पाठमोरी होते, पाठमोरी होते, असं इतक्यांदा म्हणाली होती की त्या सगळ्या महिन्याचं म्हणून तिला आजवर फक्त मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आठवत होतं.

"तो नट बोटांनी निघत नाही," कुणीतरी म्हणालं.

तो तिचाच आवाज होता.

ओचिसाहेब हसले. "झोपेत बडबडतायत बाई! मास्तर, यांना जरा जास्तच लागलेली दिसतेय!"

दालनाला हसायला कारण हवंच होतं. हसण्याची लाट आली, त्यात तोमोएचं हसणं किनुएला वेगळं ओळखू आलं. मास्तर लगबगीने आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाला, "झोप आणखी गाढ होतेय..." आणि वाकून, अगदी हलक्या आवाजात, "काकू, डोळे उघडू नका. झोपेत बोललेलं कुणी धरून ठेवत नाही. बोलायचं ते बोलून घ्या आणि झोपलेल्याच राहा. माझं ऐका."

भल्यासाठीच सांगत होता बिचारा. आणि काय सोयीचं होतं ते! डोळे मिटून सगळं ओकून टाकायचं, त्याने टाळी वाजवली की उठायचं, भोळेपणाने विचारायचं, 'अगंबाई, काय बोलले का मी?' सगळे हसतील. उद्या तीनला उठून मासे निवडायला जाता येईल. बावीस वर्षांत एकदाही खाडा नव्हता तिचा.

आणि सोमवारी हात्सुमी सही करेल.

बाजूला बँडेजचा हात अजून फिरतच होता. थांब म्हणून सांगायचं मास्तर विसरला होता.

किनुएने डोळे उघडले. मिओचं डोकं खांद्यावरून हळूच सरळ केलं. खिशातून चष्मा काढला, बाहीने पुसला आणि लावला. ओचिसाहेबांचं हसू तोंडावरच राहिलं होतं, डोळ्यांतून गेलं होतं. तिने हात लांब करून हात्सुमीचं मनगट धरलं. फिरणारा हात थांबला. हात्सुमीने तिच्याकडे पाहिलं, झोपेतून उठलेल्या लेकरासारखं.

"काकू," मास्तर पुटपुटला, आणि खांद्यावरचा हात त्याने काढून घेतला.

किनुए उभी राहिली. सवयीने मान झुकलीच.

"मालक," ती म्हणाली, "मी झोपलेले नाही. जाळी एक तारखेलाच ओचिसाहेबांनी काढली, आणि पाना मी त्यांच्या हातात दिला."