छत खाली येईना

लॅव्हॉन स्कारस्टाड गाव सोडून मुलाकडे फिनिक्सला राहायला चालली आहे, हे मला चर्चच्या तळघरात कळलं. मी कॉफी ओतत होते, ती साखर ढवळत होती, आणि ढवळता ढवळताच तिनं सांगितलं की घर विकलंय, सप्टेंबरच्या शेवटी सामानाचा ट्रक येईल. अख्ख्या मिनेसोटात जिला मैत्रीण म्हणावं अशी ही एकच बाई, तीसेक वर्षं माझ्या समोरच्या घरात राहणारी. 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणाले? "बरं झालं. तिकडे ऊन छान असतं म्हणतात."

ती म्हणाली, "हो, ऊन छान असतं."

विषय संपला. आमच्याकडे हे असंच. मनातलं तोंडावर बोलणं म्हणजे पाहुण्यांसमोर चड्डीवर येण्यासारखं. ताटातला शेवटचा तुकडा तीनदा नको म्हटल्याशिवाय कोणी उचलत नाही, आणि एखादी गोष्ट अगदीच भिकार असली तर 'वेगळंच आहे' असं म्हणतात. त्यापुढे कोणाची मजल जात नाही. मी, ॲव्हिस टॉलेफसन, गावात तापट म्हणून प्रसिद्ध आहे, पण माझाही राग सगळा भांड्यांवर निघतो.

दोन दिवस भांडी आपटल्यावर मला पेलिकन लेक हे तळं आठवलं. आमचे नवरे होते तेव्हा सप्टेंबरच्या सुरुवातीची लेबर डेच्या सुट्टीची गर्दी ओसरली की आम्ही चौघं तिथे आठवडाभर जायचो. काठावर खुर्च्या टाकून शेजारी शेजारी बसलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, पाण्याकडे बघायचं. आणि पाण्याकडे बघत माणूस वाट्टेल ते बोलू शकतो. माझ्या ऑर्व्हलनं मला लग्नाचंसुद्धा तिथेच विचारलं होतं, गळाच्या दोरीवरची नजर न काढता. तेव्हा ठरवलं, लॅव्हॉनला शेवटचं म्हणून तिथे न्यायचं आणि पाण्याकडे बघत एकदाचं सांगून टाकायचं. तिला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. म्हणजे तीनदा नको म्हणाली आणि मग हो म्हणाली.

त्यासाठी ऑर्व्हलचा जुना कॅम्पर हवा होता. तो गेला तेव्हापासून कॅम्पर गॅरेजमध्ये मिटून पडलेला. प्रकार साधा असतो. मिटलेला असताना गाडीमागे ओढायची बुटकी पेटी, आणि बाहेरचं हँडल फिरवत राहिलं की छत वर जातं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात आणि कापडाच्या भिंती ताणून उभ्या राहतात. आमच्या गॅरेजचं छत ऑर्व्हलनं बोटीसाठी म्हणून चांगलं उंच बांधून घेतलं होतं. दार मात्र नेहमीच्याच उंचीचं ठेवलं, का ते मला विचारू नका. तर मी कॅम्पर तिथेच उघडला. आत उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले होते. फळ्या तपकिरी, पडदे नारिंगी, आणि गाद्यांना ओल्या कुत्र्याचा वास.

तोंडाला फडकं बांधून मी सगळं बाहेर काढलं, व्हिनेगरनं पुसलं, फळ्या सँडपेपरनं घासल्या. अस्तराचा एक हात दिला, वर पांढऱ्या रंगाचे दोन. तरी तो मेला तपकिरी रंग चहाच्या डागासारखा वर येतच होता, म्हणून तिसरा हात. गाद्यांना नवे अभ्रे शिवले. आठवडाभरात आतून असा लख्ख झाला की मीच आत जाऊन उगाच बसायला लागले.

आता रंगाचा वास जावा म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवावं लागतं, आणि आमच्या रस्त्यावर गॅरेजचं दार उघडं म्हणजे आमंत्रणच. पहिला आला शेजारचा माइलो ह्रुस्का. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, हात स्वस्थ बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो ओकचं एक उभं कपाट घेऊन हजर. मी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा म्हणणं उद्धटपणा झाला असता. त्यानं ते जमिनीपासून छताच्या हातभर खालपर्यंत बसवलं, स्क्रू मारले, वर गोंदही भरला. मग पलीकडची बर्निस लिंडाल आली, तिनं स्टोव्हमागे फळी उभी करून त्यावर बदकांच्या टाइल्स चिकटवल्या. ते कमी होतं म्हणून तिच्या कैलासवासी नवऱ्यानं मारलेल्या हरणाचं मुंडकं आणलं. घरात ते बघून रडू येतं, म्हणाली, पण टाकवतही नाही. अशा बाईला कोण नाही म्हणणार? हरीण कपाटावर चढलं आणि त्याची शिंगं छताला टेकली.

त्यानंतर जो तो बघायला यायचा. आत शिरायचा, कपाटाकडे बघायचा, हरणाकडे बघायचा, मान वर करून छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "वेगळंच आहे हो."

मला वाटलं, रंग आवडला नाही. दुसरं काय वाटणार? म्हणून पांढऱ्यावर फिकट पिवळा दिला. लोक आले, छताकडे बघितलं, वेगळंच आहे म्हणाले. माझं डोकं सटकलं. पिवळ्यावर पुदिन्यासारखा हिरवा दिला. मग लॅव्हॉन लिंबाच्या वड्या घेऊन आली. ती सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वर बघत उभी राहिली. तिचा चेहरा उतरला. तीसुद्धा म्हणाली, "वेगळंच आहे, ॲव्हिस." ते मात्र मला लागलं. ती गेल्यावर मी एक पातेलं असं आपटलं की त्याचा कान तुटला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पांढरं केलं.

निघायच्या दिवशी सकाळी गल्ली निरोप द्यायला जमली. बर्निसनं वाटेत खायला हॉटडिशचा, म्हणजे खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या थराचा, अख्खा ट्रे आणला होता. लॅव्हॉन बॅग घेऊन, उन्हाची टोपी घालून उभी. मी पलंग आत सरकवले, हँडल धरलं आणि उलटं फिरवलं. छत बोटभर खाली आलं आणि थांबलं. मी जोर लावला. आतून हरणाच्या कवटीचा कड्‌ असा आवाज आला.

आयुष्यात कधी मी ते छत खाली घेतलं नव्हतं. ते ऑर्व्हलचं काम, मी तोवर शेकोटी विझवत असायचे. आत डोकावले तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. छत खाली यायचं तर आतलं सगळं कमरेच्या आत हवं, आणि माझ्याकडे ओकचं कपाट खांबासारखं उभं होतं. मिटल्याशिवाय कॅम्पर गॅरेजच्या दारातून निघणार नाही, आणि कपाट आहे तोवर तो मिटणार नाही.

मी वळून बघितलं. कोणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

माइलो पुटपुटला की कपाट बसवतानाच त्याच्या मनात आलं होतं, पण त्याला वाटलं मी काहीतरी विचार केला असेल. बर्निस म्हणाली, ती सांगणारच होती, पण मी इतकी खुशीत रंग देत होते की तिला धीर झाला नाही. टपाल टाकणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, सगळे मला चार-चार वेळा रंग देऊ देत राहिले. त्या दिवशी माझा राग पहिल्यांदा भांड्यांऐवजी माणसांवर निघाला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हॉटडिश खाली ठेवून सगळे पांगले, आणि जाता जाता माइलो विचारून गेला की कपाटाचं दार नीट लागतं ना.

राहिली लॅव्हॉन. ती कॅम्परमध्ये शिरून पलंगाच्या कडेला बसली होती, बॅग मांडीवर. मी तिच्यासमोर जाऊन बसले. मध्ये जेमतेम हातभर जागा. बघायला पाणी नव्हतं, फक्त हरीण, आणि तेही आता तिरकं.

"तुलाही माहीत होतं?"

"वड्या आणल्या त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

ती टोपी काढून तिची कड चाचपायला लागली. "मला वाटलं, तुला माझ्याबरोबर यायचंच नाहीये. तोंडावर सांगवत नसेल, म्हणून कपाट बसवून घेतलंस."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कोणाला टाळायचं म्हणून मी कॅम्परमध्ये ओकचं कपाट ठोकून घेईन, असं या बाईला वाटलं होतं. आणि वाईट म्हणजे, मी तिच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. बघायला दुसरीकडे जागाच नव्हती, तिच्याच डोळ्यांत बघावं लागलं.

"लॅव्हॉन, जाऊ नकोस," मी म्हणाले. "मला तुझ्याशिवाय इथे करमणार नाही. मी मरेन."

तिनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली, तशी मला वाटलं, चुकले, आता ही उठून जाणार. मग तिच्या नाकातून पाणी यायला लागलं. "जाणार म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरले," ती म्हणाली. "एकजण तरी म्हणेल राहा. जो तो म्हणाला, ऊन छान असतं. मला ऊन सोसत नाही गं, ॲव्हिस."

मग आम्ही दोघी रडलो आणि ट्रेमधलं हॉटडिश चमच्यानं खरवडून संपवलं. शेवटचा घास तिनं न विचारता घेतला.

घर विकलेलं होतं, ते काही परत मिळण्यातलं नव्हतं. ट्रकचंही ठरलेलं. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटी लॅव्हॉनचं सोफा, पलंग, शिवणयंत्र असं सगळं सामान फिनिक्सला गेलं आणि लॅव्हॉन राहिली. मुलगा फोनवर काय बोलला ते तिनं सांगितलं नाही, पण तो अजून त्या सोफ्यावर बसतो म्हणे. मी तिला माझी पाहुण्यांची खोली दिली. तेव्हा तिनं सरळ सांगितलं की त्या खोलीतली गादी दगडासारखी आहे, तिथे झोपलेल्या तिच्या बहिणीची कंबर धरली होती, आणि त्यापेक्षा कॅम्पर बरा. तिथे हीटर आहे, कपाट आहे, रंग नवा आहे. हरणाला ती हॅरॉल्ड म्हणते.

आता नोव्हेंबर आलाय. माझी गाडी बाहेर बर्फात असते आणि रोज सकाळी मी काच खरवडत उभी असते. गॅरेजचं दार वर होतं, लॅव्हॉन कॉफीचा कप घेऊन झग्यात येते आणि सांगते की मी काच चुकीच्या दिशेनं खरवडते, माझी कॉफी पाणचट असते, आणि चर्चमध्ये मी फार बेसूर गाते. तीस वर्षांचं साठवलेलं आहे तिच्याकडे. मी सगळं ऐकून घेते आणि खरवडत राहते. काल तिनं विचारलं, तुला राग नाही ना येत, मी असं तोंडावर बोलते म्हणून. मी म्हणाले, येतो, पण बोल.