पुटपुटणारी गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. कुणी बोट लावलं तर बोलावं, नाहीतर कोपऱ्यात गप्प बसावं, असंच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे हे मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण एक आळ माझ्यावर बरीच वर्षं होता. तो माझ्या एकटीवर असता तर मी तोंडही उघडलं नसतं.

माझी समोरची फळी देवदाराची आणि पाठ शिसवीची. देवदाराची फळी माझ्या कारागिराने बारा वर्षं माळ्यावर वाळत ठेवली होती. खाली काढल्यावर त्याने ती कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने टकटक केली, बाजारात कलिंगड पारखतात ना, तशी. मग थोडा रंधा मारला, पुन्हा टकटक. दोन दिवस हेच चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, "आता बोलेल." फळीच्या आतून त्याने बारीक काड्या चिकटवल्या; नायलॉनच्या तारांचा ताण सोसेल एवढ्याच जाडीच्या. बाहेरून घोडी बसवली. तारा जिला बांधतात त्या आडव्या लाकडी पट्टीला घोडी म्हणतात. सगळ्यात शेवटी माझ्या पोटात एक कागद चिकटवून त्यावर कारखान्याचा पत्ता घातला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'पोलादी तारा लावू नयेत.'

पण मित्रांनो, पोटातली गोष्ट पोटातच राहते. कुणी वाकून पाहिलं तर ना!

मला घेऊन गेला तो छापखान्यातला एक तरुण मशीनमन. दिवसभर तो धडधडणाऱ्या छपाईयंत्राशेजारी उभा असे. संध्याकाळी घरी आला की रॉकेलने हातांची शाई काढी, साबणाने दोनदा धुई आणि मगच मला मांडीवर घेई. तारा छेडायला लागतात म्हणून उजव्या हाताची नखं तो वाढवत असे. छापखान्यातले सोबती चिडवत, "काय रे, नवरीसारखी नखं!" तो म्हणे, "एकाच हाताची नवरी आहे. डावा हात अजून बिनलग्नाचा आहे."

पुढे खरंच लग्न झालं, मुलगी झाली. सगळे तिला ठकी म्हणत. तिला झोप आली की मला काढत, आणि मला काढलं की तिची झोप उडे. बोटं घासून घासून माझ्या फळीवरचं पॉलिश एका जागी पार गेलं. शेजारचे लोक मी वाजू लागले की रेडिओ बारीक करत. मला फार संकोच वाटे. आणि खरं सांगायचं तर, फार बरंही वाटे.

अशी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. मग एका संध्याकाळी मशीनमन वाजवता वाजवता थांबला.

"अगं, ऐकतेस का? हिचा आवाज बसलाय."

"काही बसलेला नाही," त्याची बायको म्हणाली.

"काय?"

"काही बसलेला नाही म्हटलं!"

"आणि तूही हल्ली पुटपुटतेस. माणसानं जरा तोंड उघडून बोलावं."

त्या घरात ती हळूहळू कमी बोलू लागली, ती तेव्हापासून.

त्याने माझ्या तारा बदलल्या. खिडकीपाशी बसून पाहिलं, दार लावून पाहिलं. नखं तुटेस्तोवर जोराने छेडलं. पुन्हा पुन्हा मान हलवली. आणि मित्रांनो, माझा त्याच्यावर विश्वास बसला! ज्याने इतकी वर्षं मला छातीशी धरलं, तो खोटं कशाला सांगेल? मला वाटलं, मलाच आतून कीड लागली असेल. आपल्याविषयी कुणी वाईट बोललं की ते आपल्याला लगेच पटतं. चांगलं पटायला वेळ लागतो.

मग मी कपाटावर गेले. पुढे एक सलूनवाला आला. त्याला आरशाच्या वर शोभेला टांगायला एक जुनी गिटार हवी होती.

"सोमवारी तुझं दुकान बंद असतं, तेव्हा येऊन घेऊन जा," मशीनमन म्हणाला.

ठकी तोवर कॉलेजात जायला लागली होती. ती हट्टाला पेटली. "बाबा, तिला देऊ नका ना!"

"बिनआवाजाचं वाद्य घरात ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि आवाज परत आला तर?"

"काय?"

"आवाज परत आला तर!"

"तर कोण देतंय?" तो म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते ते कपाटावरून मला दिसलं.

शनिवारी ठकी तारांच्या दुकानात गेली. तिथलं बोलणं तिनेच घरी आल्यावर आईला सांगितलं.

"काका, सगळ्यात मोठा आवाज येईल अशा तारा द्या."

"मग या न्या ताई, पोलादाच्या. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल!"

गिटार कुठल्या जातीची, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. नायलॉनच्या तारांची गिटार वेगळी आणि पोलादी तारांची वेगळी, हे तिला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक तारेच्या टोकाला लहानसा मणी होता. तो तिने घोडीमागे अडकवला आणि खुंट्या पिळल्या. माझ्या अंगातल्या काड्या कण्हल्या. ताण जवळजवळ दुप्पट होता. पोटातला कागद ओरडून सांगू शकला असता तर!

मशीनमनने मला हातात घेतलं. पहिला सूर उमटला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आली! अगं, आली परत! ऐक, ऐक!" त्याने सलूनवाल्याला त्याच दिवशी निरोप धाडला, "गिटार द्यायची नाही."

मग रोज मी वाजत राहिले. माझा सूर कर्कश झाला होता, पोट फुगून वर आलं होतं, घोडीचा सरस कणाकणाने सुटत होता. पण तो हसत होता. म्हटलं, आणखी एक दिवस सोसावं. असे बारा दिवस सोसले.

तेराव्या दिवशी दुपारी मी त्याच्या मागच्या खुर्चीवर पडले होते. तो माझ्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होता. आणि घोडी उखडली! सुकी फांदी कडाडून मोडावी तसा आवाज झाला. तारा सटकन उसळून खुर्चीच्या पाठीवर आपटल्या. स्वयंपाकघरातून बायको ओल्या हातांनी धावत आली. गच्चीवरून ठकी धावत आली. शेजारच्या घरात कुणीतरी "काय पडलं?" म्हणून ओरडलं.

त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दोघी दारातच थबकल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. तो शांतपणे वाचत होता.

"आई," ठकी हळूच म्हणाली, "बाबांना..."

"हो," आई म्हणाली. तिने पदराने हात पुसले आणि ते पुसणं बराच वेळ चाललं.

पोटातल्या कागदावरचा पत्ता भोकातून दिसला, खालची पुसट पेन्सिल मात्र दिसली नाही; त्या पत्त्यावर मला नेलं ते तिघांनी मिळून. कारागीर आता नव्हता. त्याची सून कारखाना चालवत होती. तिने आत आरसा सरकवून कागद वाचला. "अक्षर मामंजींचं. पोरी, हे कुणी वाचलं नाही?"

ठकी रडायला लागली. "मावशी, मीच लावल्या त्या तारा. मीच मोडली."

"मोडलेलं लाकूड जोडता येतं," सून म्हणाली. तिने माझा जुना सरस खरवडला, चीर भरली, घोडी बसवून शिकंज्यात आवळली. तीन दिवस मी तशीच होते. चौथ्या दिवशी तिघं न्यायला आली, तेव्हा तिने नायलॉनच्या तारा चढवल्या आणि एक तार छेडली. कारखान्यातला रंधा थांबला, इतका तो सूर भरला.

"हिचा आवाज कधी गेलाच नव्हता," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?" मशीनमनने विचारलं.

मग त्याची बायको पुढे झाली, त्याच्या कानाशी वाकली आणि कित्येक वर्षांनी मोठ्याने बोलली. "अहो, हिचा आवाज कधी गेलाच नव्हता, म्हणतायत!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ठकीकडे. मग बायकोकडे बराच वेळ.

"म्हणजे तूही पुटपुटत नव्हतीस."

"नाही," ती म्हणाली.

त्याने तिचा हात धरला. मग रडवेल्या ठकीला म्हणाला, "तू मोडली नाहीस गं. तू मला ऐकवायला गेलीस."

कारागिराच्या सुनेने मला त्याच्या मांडीवर ठेवलं. "आता वाका. हनुवटी हिच्या कडेवर टेकवा. घट्ट. हं, वाजवा."

त्याने वाजवलं. माझा सूर माझ्या लाकडातून त्याच्या हाडात गेला. तो तसाच वाकून बसला आणि माझ्या कडेवर दोन थेंब पडले. लाकडाला पाणी वाईट, हे मला माहीत आहे. पण तेवढं मी चालवून घेतलं.

आता तो म्हातारा झाला आहे. कानाला यंत्र आहे. "माणसांसाठी यंत्र, हिच्यासाठी हनुवटी," असं तो म्हणतो. त्याची बोटं थरथरतात म्हणून हल्ली ठकीच वाजवते. तो तिच्याशेजारी बसून माझ्या कडेला हनुवटी लावतो. त्याच्या दाढीच्या खुंटांनी तिथलंही पॉलिश गेलं आहे. आणि त्या घरातली बाई पुष्कळ बोलते, मध्ये कुणी बोललं तरी थांबत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाद्यांची काळजी घ्या. तारा लावण्याआधी आत डोकावून पाहा, कुणीतरी तुमच्यासाठी काही लिहून ठेवलेलं असेल. आणखी एक सांगू का? सांगावं की नाही कळत नाही, पण सांगते. कुणाचा आवाज तुम्हाला बारीक वाटू लागला, तर लगेच त्याच्या खुंट्या पिळू नका. आधी थोडे जवळ सरका.