मी तापले, पाय तापेना

टाचेवर वाळलेला फिकट निळा रंग. नऊ दिवसांचा ताप, उतरलेला. दुकानातली पाय मोजायची पट्टी. गॅसवर खदखदणारं पाणी. पलंगाच्या कडेला पालथी पडलेली एक चप्पल.

मित्रांनो, मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची. कारखान्यात मला हवा भरून पाण्यात बुडवलं होतं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून पास झाले. गेली बावीस वर्षं मी एका रंगाऱ्याच्या घरात आहे. त्याची कंबर, त्याच्या बायकोचं पोट, त्याच्या आईचे गुडघे, सगळी दुखणी मी अंगावर घेतली. "डॉक्टरपेक्षा हीच बरी, बिचारी प्रश्न विचारत नाही," असं म्हातारी म्हणायची. ती गेली आणि मी कपाटामागच्या खिळ्याला उलटी टांगून राहिले. बुचाजवळ बारीक चिरा पडल्या. पुन्हा कोणाला तरी माझी आठवण यावी, एवढंच वाटायचं.

आठवण झाली. ती व्हायला नको होती.

रंगाऱ्याचा विषाणूचा ताप उतरून दोन दिवस झाले होते. सकाळी अचानक त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली असा ठणकू लागला की तो पलंगावर आडवाच झाला.

"अहो, पाय बर्फ झालाय नुसता," बायको म्हणाली.

"नऊ दिवस लोळत होतो ना, पायालाही आळस चढलाय. शेक दे, उतरेल."

मला भरलं, पोटरीला लावलं.

कुठलंही अंग मला टेकलं की आधी आक्रसतं, मग सैलावतं, आणि माझी ऊब हळूहळू आत घेऊन जातं. हा पाय काहीच नेत नव्हता. मी देत होते आणि तो दगडासारखा पडून होता.

बायकोने पाणी बदललं. मग पुन्हा बदललं, आणखी कढत. लोकरीचं कव्हरही काढलं आणि मला टाचेखाली सरकवलं. त्याचा डावा पाय चुकून मला लागला.

"आई गं, भाजतंय की," म्हणत त्याने तो झटकन ओढून घेतला.

उजवी टाच तर माझ्यावरच टेकलेली होती. ती हललीसुद्धा नाही. हे फक्त मला कळत होतं, आणि मला तोंड म्हणजे एक बूच. तेही घट्ट पिळलेलं.

पावणेतीनला तो म्हणाला, "दुखायचं थांबलं गं."

"बघा. ही पिशवी म्हणजे सोनं आहे."

बावीस वर्षांत माझं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं. तेव्हाच मला पहिल्यांदा माझी भीती वाटली.

साडेतीनला त्याची धाकटी बहीण भेटायला आली. ती बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घेते.

"काय दादा, सकाळपासून पाय बघून आले, आता तुझेही बघायचे का?" असं म्हणत तिने चादर उचलली. मग तिचं हसू थांबलं. "हे दोन्ही पाय एकाच माणसाचे आहेत ना?"

तिने डाव्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं, लगेच गुलाबी झालं. उजवा अंगठा आधीच पांढरा होता. दाबला, सोडला. तसाच राहिला.

"दादा, बोटं हलव."

"हलवतोय की."

बोटं हलत नव्हती.

"वहिनी, शेजाऱ्यांना गाडी काढायला सांग."

"अगं, आत्ताच तर दुखायचं थांबलंय."

"म्हणूनच."

घाईत मी पायाशीच राहिले आणि रुग्णालयात पोचले. डॉक्टरीणबाईंनी मला उचलून आधी बाजूला ठेवलं. घोट्यावर, गुडघ्यामागे बोटं टेकवली. एक छोटं यंत्र लावलं. डाव्या पायात धप्प धप्प ऐकू आलं, उजव्यात नुसती खरखर.

"कधीपासून?"

"सकाळपासून," बायको म्हणाली. "अकरा वाजल्यापासून."

बाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. "अशा तापात कधी कधी रक्ताची गुठळी होते. ती पायाच्या धमनीत अडकलीय. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झालं तर पाय वाचायची आशा. चला."

"मी तर शेक देत होते हो."

"रक्त न पोचणाऱ्या पायाला शेक देणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावणं," बाई हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांनी जांघेतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढली. पाय वाचला. दोन बोटं गेली. टाचेवर मी भाजल्याचा डाग आहे, ती जखम भरायला चार महिने लागले. त्याच्या बायकोने मला टाकून दिलं नाही. पण ती माझ्याकडे बघतही नाही.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला खिळ्यावरच राहू द्या. एकच पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, ठणकून मग बधिर, मुका झाला, तर पाणी तापवत बसू नका. वेळ घालवू नका.

रुग्णालय त्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.