कलमुर्झाचा पाय

नळी काळी पडली आणि मी ओरडले. प्रयोगशाळेत एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर नारिनच्या इस्पितळात माझ्याविषयी जे काही बोललं जातं त्यात आणखी भर पडली असती.

ही नळी म्हणजे जंतूंना वाढायला दिलेलं घट्ट खाद्य, त्यात थोडं लोखंड घातलेलं. जंतू सुईने आत टोचायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. माझी सुई जिथून गेली होती तिथे काजळाची रेघ ओढावी तशी काळी रेघ उमटली होती. भिंगाखाली हे जंतू बारीक काड्यांसारखे दिसतात. असल्या काड्यांना सगळ्या प्रयोगशाळा कचरा समजतात. माणसाच्या कातडीवर त्या बसलेल्याच असतात, नमुना घेताना सोबत येतात आणि आपण त्या फेकून देतो. पण कातडीवरचा कचरा नळी काळी करत नाही. अशी काळी करणारा जवळजवळ एकच आहे, आणि तो जनावरांचा. गुरांच्या डॉक्टरांकडून त्याच्याबद्दल ऐकलं होतं, पुस्तकात चित्र पाहिलं होतं. माणसाच्या पायाच्या जुन्या जखमेत तो मी जन्मात पाहिला नव्हता. इथे तर जखमेतही तोच आणि रक्तातही तोच!

जखम होती कलमुर्झाची. शर्यतीचे घोडे तयार करणारा हा माणूस, नारिनमधलं शेंबडं पोरही त्याला ओळखतं. तीन वर्षांपूर्वी एका शिंगराने त्याच्या नडगीवर लाथ मारली. पायाच्या शिरा आधीच फुगलेल्या, त्यामुळे ती जखम भरलीच नाही. दोनदा आमच्याकडे राहिला, निम्मीअधिक भरली, घरी गेला आणि पहिल्यापेक्षा वाईट होऊन परत आला. या वेळी ताप डोक्यात चढला होता, आणि त्याच दिवशी दुपारी आमचा सर्जन तालंत त्याचा पाय गुडघ्याखाली कापणार होता.

मी नळी मुठीत धरून चपलांवरच अंगण ओलांडलं. तालंत कोपरापर्यंत साबण लावून उभा होता.

"तालंत, सुरी खाली ठेव!"

"हातात कुठं घेतलीय अजून? काय झालं, आग लागली का?"

"नळी काळी झाली!"

"अभिनंदन. पेढे कधी?"

"चेष्टा नको. आठवडाभर तू याच्या शिरेत जे भारीतलं औषध सोडतोयस ना, ते या जंतूला पाणी. ढिम्म हलत नाही तो त्यानं. याला साधं पेनिसिलिन लागतं, आपल्या आज्यांच्या काळातलं."

तालंत हसला नाही. नळी उजेडाकडे धरून बघत राहिला. "आणि नाही उतरला ताप तर? हृदयापर्यंत गेलं तर त्याच्या बायकोला कोण सांगणार, तू की मी?"

"मी सांगेन."

"परवा सकाळपर्यंत थांबतो. तोवर ताप उतरला नाही तर पाय कापणार, आणि तू दारात आडवी पडायची नाहीस. कबूल?"

"कबूल."

कलमुर्झा तिथेच ढकलगाडीवर पडून सगळं ऐकत होता. तापाने डोळे लाल झालेले, तरी बोलायची हौस फिटलेली नव्हती. "पोरी, घोडा म्हणजे माणसाचे पंख, असं आपल्यात म्हणतात. पण त्या पंखांवर मांड ठोकायला पाय लागतो. काय टोचायचं ते टोच."

"अक्सकाल," मी वडीलधाऱ्याला द्यावा तसा मान देत म्हटलं, "एवढं सांगा. हा जंतू मेंढ्यांच्या अंगावर राहतो. तुम्ही मेंढ्या सोलता का?"

"मी?" मी त्याला चोर म्हटल्यासारखा तो उखडला. "मेंढरांत हात घालणारा दिसतो का मी? ती थोरल्या पोराकडं. मी घोड्याचा माणूस."

म्हणजे जंतू आला कुठून हे काही कळेना. पण पेनिसिलिन सुरू झालं. त्या दोन दिवसांत मी दर थोड्या वेळाने वॉर्डात डोकावायची आणि नर्स मला हुसकून लावायची. दुसऱ्या संध्याकाळी कलमुर्झाने कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, मागितलं. इस्पितळात कुमीस मिळत नाही म्हटल्यावर हे कसलं इस्पितळ म्हणून तो भांडायला लागला. भांडण ऐकून माझा जीव भांड्यात पडला. ठरलेल्या सकाळी तालंतने स्वतः ताप बघितला, थर्मामीटर झटकून पुन्हा लावला आणि मला म्हणाला, "जा, नाच." मी खरोखरच नाचले, भर व्हरांड्यात.

जखम लाल झाली, मग गुलाबी, मग कडांनी भरत आली. पण कलमुर्झा घरी निघाला तेव्हा तालंतने मला बाजूला घेतलं. "इथं भरते आणि घरी सडते. दोनदा झालंय हे. तिसऱ्यांदा सडून आला तर मी तुला विचारायला येणार नाही, गुलबारा. जीव वाचवायचा तर पाय जाणार." मला राग आला, आणि तो खरं बोलत होता म्हणून जास्तच आला. चोर सापडला होता, पण तो घरात शिरला कुठून ते भगदाड सापडलं नव्हतं.

लगेचच निरोप आला. कलमुर्झाची बायको उमसुनाई हिने नवस केला होता, सोंकोलच्या कुरणावर मेंढी कापणार होती आणि दोघा डॉक्टरांनी यायलाच हवं होतं. तालंतच्या खटारा जीपमधून आम्ही वर गेलो. तंबूत आम्हाला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. पुढ्यात दस्तरखानाचं कापड अंथरलेलं, त्यावर भाकरी, पिठाचे तळलेले बोर्सोक, लोणी, साय. पलीकडे कलमुर्झा लोडाला टेकून, पाय लांब करून बसला होता. पाहुण्यांच्या दाटीने तंबू भरून गेला होता.

"हीच का ती?" उमसुनाईने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "हिनं माझ्या म्हाताऱ्याचा पाय वाचवला? आधी हिचेच पाय बघा, नुसत्या काड्या! खा गं, लाजू नको."

सगळे हसले, मीही हसले. बाहेर मेंढी कापली गेली, मांस कढईत पडलं. मग उमसुनाई आत आली ती दोन्ही हातांवर ताजं कातडं घेऊन. त्यातून वाफा निघत होत्या. ती कलमुर्झाच्या पायाशी बसली आणि इस्पितळात बांधलेली पट्टी सोडायला लागली.

"आपा, हे काय करताय?"

"काय म्हणजे? मांस पाहुण्यांना, कातडं पायाला. ऊन ऊन कातडं हाडातली थंडी ओढून घेतं. माझ्या आईनं माझ्या बापाला गुंडाळलं, मी याला गुंडाळते. इस्पितळातून आला की दरवेळी."

"दरवेळी?"

"मग! दोन्ही वेळा. पार सकाळपर्यंत सोडत नाही." तिच्या आवाजात केवढा अभिमान होता.

पट्टीचा शेवटचा वेढा सुटला. वळसा घालून जायला वेळ नव्हता, पाहुणे दाटीवाटीने बसलेले, आणि ती ओली बाजू जखमेपासून वितभर लांब. मी उडी मारली, थेट भाकरीवरून. आमच्यात झिंगलेला माणूससुद्धा भाकरी ओलांडत नाही. एक म्हातारी किंचाळली, "तोबा, तोबा!" मी कातडं उमसुनाईच्या हातातून हिसकावलं आणि ते छातीशी धरून तिथेच बसले. अंगावरचा नवा झगा रक्ताने माखला.

उमसुनाई उठून उभी राहिली. "माझ्या घरात भाकरी ओलांडलीस. पाहुणी आहेस म्हणून हात आवरलाय."

भीती होती आणि आनंदही होता, तो कसा लपवू? भगदाड सापडलं होतं! "आपा, तो जंतू इथं असतो, या कातड्यावर. मेंढी धडधाकट दिसते, पण तो असतो. उघड्या जखमेवर कातडं बांधलं की तो आत शिरतो, आणि मग..." पुढचं वाक्य तिच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडातच राहिलं.

तिने कातड्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. "सरळ सांग. दोन्ही वेळा, माझ्या हातानं?"

तालंत खाकरला. "तसं अगदी नक्की काही म्हणता येत..." कधी कुणाला गोड न बोललेला माणूस त्या दिवशी बोलला. त्याच्या आड लपायचा मोह मलाही झाला. पण आज खोटं बोलले तर ती शरदात दुसरं कातडं आणणार आणि तालंत पाय कापणार.

"हो, आपा. तुमच्याच हातानं."

ती रडली नाही. हात अंगापासून लांब धरून मागे सरली आणि दाराशी, जिथे सुना बसतात तिथे, जाऊन बसली. "घेऊन जा त्याला शहरात. मी आता त्याच्या पायाला शिवणार नाही."

"उमसुनाई," कलमुर्झा म्हणाला, "हात धुऊन ये."

ती बाहेर गेली. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा हातांतून पाणी ठिबकत होतं. ते हात तिने माझ्यापुढे धरले, आधी तळवे, मग उलटे करून. मी होकारार्थी मान हलवली तरी ती दारातून पुढे येईना, तिथेच खाली बसली.

तेव्हा कलमुर्झा ढुंगणावर सरकत सरकत, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, तंबूच्या दारापर्यंत गेला. म्हाताऱ्याने तो उघडा पाय उचलला आणि बायकोच्या मांडीवर ठेवला.

"बांध," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची गाठ माझ्या पायावर टिकत नाही."

मी कातडं बाहेर टाकून हात धुऊन आले आणि तालंतच्या पिशवीतली नवी पट्टी तिच्या हातात दिली. तालंत गुडघ्यांवर बसून सांगत होता, बोटांपासून वर, प्रत्येक वेढा घट्ट. पहिला वेढा सैल पडला.

"आणखी आवळ," कलमुर्झा म्हणाला.

तिने आवळलं.