तिसऱ्या प्रश्नाचे दोन गुण

धम्मपाल गुरुजींनी सहावा पेपर बाजूला ठेवला, पहिला पुन्हा उचलला आणि तिसऱ्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. मग दुसरा पाहिला, मग तिसरा. चूक एकच होती आणि एकाच जागी. उरलेले अकरा पेपर त्यांनी भराभर उलटले. सतराच्या सतरा पोरांनी वजा चिन्हाच्या जागी अधिक लिहिलं होतं.

"कॉपी!" ते मोठ्यानं म्हणाले.

पलीकडे ज्वारी निवडत बसलेल्या राहीबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात हात घातला.

पेपर रश्मीच्या वर्गाचे होते. रश्मी त्यांची एकुलती एक मुलगी. आदिलाबादच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ती पीडीई, म्हणजे आंशिक विकलक समीकरणं, शिकवायची. महिन्यापूर्वी डेंग्यूनं गेली. ह्या चाचणीची प्रश्नपत्रिका तिनं आधीच काढून ठेवली होती. परीक्षा झाली, पण तपासायला माणूस मिळेना, तेव्हा गुरुजींनी विभागप्रमुख सुरेंद्रकडे पेपर स्वतःहून मागितले. सुरेंद्र त्यांच्याच हाताखाली दहावी झालेला. नाही म्हणायची त्याची काय टाप!

गुरुजींनी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं होतं आणि अर्धा गुणसुद्धा कधी कोणाला फुकट दिला नव्हता. पण ह्या विषयाशी त्यांची तोंडओळखही नव्हती. रश्मीची वही घेऊन ते तीन आठवडे बसले. तिचं अक्षर पाहून पहिले दोन दिवस नुसतेच रडले. मग हळूहळू समजू लागलं. तिसरा प्रश्न तापलेल्या लोखंडी सळईचा होता. दोन्ही टोकं बर्फात ठेवली, तर वेळ जाईल तशी सळईत उष्णता किती उरेल? उत्तरात वजा असलं की सळई निवत जाते. अधिक लिहिलं, तर खाली विस्तव नसताना ती आपोआप तापत राहते, पार वितळेपर्यंत. वहीत रश्मीनं ठळक वजा लिहिलं होतं. मग पोरांनी हे कुठून आणलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गठ्ठा काखेत मारून कॉलेजात पोचले. सुरेंद्रनं मीनलला स्टाफरूममध्ये बोलावलं. इंद्रवेल्लीहून रोज बसनं येणारी ही मुलगी वर्गात पहिली होती.

"कोणाचं पाहून लिहिलं?" गुरुजींनी विचारलं.

"कोणाचंच नाई, सर."

"मंग सतरा जण एकाच जागी कसे चुकले?"

मीनल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सांग ना पोरी," सुरेंद्र म्हणाला. "सर रागावत नाईत."

गुरुजी रागावत नाहीत हे त्यांचा मार खाल्लेल्या सुरेंद्रनं सांगावं, हा एरवी मोठा विनोद झाला असता. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

"मॅडमनं शेवटच्या तासाला फळ्यावर तसंच लिहिलं होतं," मीनल म्हणाली. "अंगात ताप होता त्याईच्या. फळ्याले टेकून शिकवून राह्यल्या होत्या. आमाले चूक दिसली, पण त्या एकदम खुर्चीत बसल्या. आमी म्हटलं, सोमवारी सांगू."

"सोमवारी ती आली नाई."

"नाई."

"मंग परीक्षेत बरोबर काऊन नाई लिहिलं?"

"बरोबर लिहिलं असतं तर मॅडम चुकल्या असं झालं असतं ना, सर. त्या तर आता दुरुस्त कराले येत नाईत." तिचा आवाज फुटला. "आमी साऱ्यांनी ठरवलं. दोन मार्क गेले तर गेले."

गुरुजींना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण त्यांनी ठेवला नाही.

"तुह्या मॅडमनं हे पेपर तपासले असते, तर मार्क कापले असते का?"

मीनलनं डोळे पुसले. "कापले असते, सर. आन् फळ्यावरचं आपलं पुसून पुन्हा लिहिलं असतं."

गुरुजींनी तिथेच टेबलावर बसून सतराही पेपरांत दोन-दोन गुण कापले आणि गठ्ठा सुरेंद्रच्या हातात दिला.

घरी येताना ऑटोत त्यांच्या मनातून पोरं हलेनात. महिनाभर भेटायला आलेला प्रत्येक माणूस असंच झाकून बोलला होता. कोणी म्हणालं, वेळच आली होती. कोणी म्हणालं, आपल्या हातात काय असतं. त्या रविवारी रश्मीचा ताप उतरला होता. गुरुजींनी थर्मामीटर उजेडाकडे धरून आकडा वाचला, अठ्ठ्याण्णव, आणि आता फिकीर नाही म्हणून सांगितलं. राहीबाई म्हणत होत्या की पोरीचे हातपाय गार लागतात, दवाखान्यात नेऊ. समोर आकडा असताना बायकोच्या हाताचं कोण ऐकतो? सोमवारी संध्याकाळी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात ताप उतरला की खरा धोका सुरू होतो. मंगळवारी रश्मी गेली. त्या रविवारबद्दल राहीबाईंनी आजवर एक शब्द काढला नव्हता.

राहीबाई भाकरी थापत होत्या. गुरुजी स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसले.

"केली होती का कॉपी पोराईनं?" राहीबाईंनी विचारलं.

"नाई. रश्मीच चुकली होती शिकवताना. पोरांनी झाकून घेतलं."

"मंग?"

"मी मार्क कापले."

राहीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

"रविवारी तू म्हणत होती, दवाखान्यात नेऊ," गुरुजी म्हणाले. "मी ऐकलं नाई. चुकलो ना मी?"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या नको म्हणू. चुकलो का नाई, तेवढं सांग."

राहीबाईंनी गॅस बंद केला. पिठाचे हात पदराला पुसत त्या भिंतीला टेकून त्यांच्यासमोर बसल्या.

"चुकले तुमी," त्या म्हणाल्या. "आन् मी काऊन ऐकलं तुमचं?"

मग महिन्यात पहिल्यांदा त्या त्यांच्यासमोर मोठ्यानं रडल्या.