जांभळाखालचा तरवा

सुगंधा घाडीने भर मीटिंगमध्ये शब्द देऊन टाकला, तेव्हा तिच्या डोक्यात राग होता, गवत नव्हतं.

मुलुंड पूर्वेच्या त्या चारमजली सोसायटीच्या मागे जांभळाखाली दोन खोल्यांएवढा मोकळा तुकडा होता. ऊन तिथे सकाळी जेमतेम तासभर, तेही चाळणीतून पडल्यासारखं. चेअरमन देवव्रत कारखानीस म्हणजे शर्टाच्या खिशाला पेन लावल्याशिवाय जिना न उतरणारा माणूस. ते म्हणाले, तिथे नुसता चिखल आणि डास आहेत, पेव्हर ब्लॉक टाकले तर तीन गाड्या लागतील. सगळ्यांना पटलं. पटायचंच, त्या तुकड्यावर उघडणारी खिडकी त्यांची थोडीच होती? ती तळमजल्यावरच्या घाड्यांची होती, आणि तिला लागून सुगंधाच्या नवऱ्याचा, नंदूचा पलंग होता. दीड वर्षापूर्वी नंदूची उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. तेव्हापासून घरात कुणी आलं की तो डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायचा. बायकोशिवाय कुणाशी एक अक्षर बोलायचा नाही. त्याचं सगळं जग म्हणजे ती खिडकी, आणि त्या खिडकीत आता गाडीचं धुरांडं येणार होतं.

"तिथे मी हिरवळ करून दाखवते," सुगंधा उभी राहून म्हणाली.

कारखानिसांनी ते लगेच मिनिट्समध्ये घालायला लावलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाहणी. हिरवळ लागलेली असेल तर ब्लॉक रद्द, नसेल तर सोमवारी काम सुरू. सेक्रेटरी शिवदास परबने खाली मान घालून लिहून घेतलं. शिवदास घाड्यांच्या शेजारच्या गावचा, लहानपणी नंदूबरोबर एकाच शेतात गुडघाभर चिखलात उतरलेला. पण त्याच्या मुलाने नुकतीच नवी गाडी घेतली होती, म्हणून गाववाला गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा सुगंधाला चेअरमनपेक्षा जास्त राग आला.

पन्नास दिवस होते. नर्सरीवाला म्हणाला, तयार लॉनचे चौकोन ऊन नसेल तर महिन्यात कुजतात, सावलीत येणारं बी आहे ते न्या, पण पातळ टाका, हातभर जागेला चिमूटभर. सुगंधाने मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचंच केलं. माती वीतभर खणली, दगड-विटा वेचल्या, शेणखत मिसळलं, फळीने सपाट केलं. इथपर्यंत झकास. पण बी टाकायची वेळ आली तेव्हा तिचा हात काही चिमटीत मावेना. आई भाताचं बी कसं पेरायची ते तिने जन्मभर पाहिलेलं, मुठीच्या मुठी, माती दिसायची नाही असं. तिने दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या. वर संध्याकाळी झारीने पाणी, सकाळी पुन्हा पाणी.

बाराव्या दिवशी उगवलं. आणि काय उगवलं म्हणता! मखमल अंथरली होती नुसती. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीतून फोटो काढायला लागल्या, कारखानीस येता-जाता बघून न बघितल्यासारखं करायला लागले. नंदू सकाळी उशी उंच करून मागायचा. एकदा तर त्याने डाव्या हाताने खिडकीचा गज धरून स्वतःला वर ओढलं, सुगंधाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पाहणीला सहा दिवस उरले आणि एका सकाळी मधोमध ताटलीएवढं गवत आडवं पडलेलं दिसलं. हात लावला तर बुळबुळीत. दुसऱ्या दिवशी ताटलीची परात झाली. तिसऱ्या दिवशी भिंतीकडेही एक नवा डाग. सुगंधा धावत नर्सरीत गेली. तो म्हणाला, मावशी, दाट टाकलंत, त्यात सावली, त्यात संध्याकाळचं पाणी. मुळाशी वारा नाही, कुजतंय, हे सगळं जाणार.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. परत येताना तिने वाटेतच हिशेब केला. रविवारला चार दिवस. रोज परातभर गेलं तरी निम्म्याहून जास्त हिरवं राहील. डागांवर जांभळाची पानं पसरली की झालं, झाडाखाली पानं असायचीच. एकदा पाहणी उरकली की ब्लॉक रद्द, पुढचं पुढे. ती वाकून पानं पसरायलाही लागली.

खिडकीतून नंदूचा घोगरा आवाज आला.

"गे, ह्यो तरवो जालो. काढ नि लाव."

तरवा म्हणजे भाताची रोपं. दाट पेरायची, महिन्याची झाली की उपटायची आणि दोन-दोन काड्या दूर दूर लावायच्या. सुगंधाला कळलं, आणि कळलं म्हणून ती जास्तच चिडली. आता उपटलं तर रविवारी तिथे चिखल दिसेल, वेड लागलंय का तुम्हाला, असं ती फाडकन बोलून गेली.

"ह्या सगळा रयवारासाठी लायलंस," नंदू म्हणाला, "काय माझ्यासाठी?"

तिने ती पानं उचलून टोपलीत टाकली.

गुरुवारी, शुक्रवारी ती पदर खोचून वाकली ती वाकलीच. कुजलेलं काढून फेकलं, चांगलं मुळासकट सोडवलं आणि वीत-वीत अंतरावर बोटभर जुडगे रोवत गेली. गुडघे गेले, कंबर गेली. वरून कुणीतरी विचारलं, काकू, एवढं छान होतं ते उपटताय कशाला? तिने पुढचा जुडगा रोवला. शनिवारी बघते तर सगळे जुडगे पिवळे पडून माना टाकून उभे. मध्ये चिखलच चिखल. ती रात्री जेवली नाही.

रविवारी दहा वाजता कारखानीस आले, मागे मिनिट्सची वही घेऊन शिवदास. कारखानिसांनी एक नजर टाकली. वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलायचं, पण आवाज चेअरमनचाच होता. ते म्हणाले, घाडीबाई, कष्ट दिसतात, पण याला हिरवळ म्हणता येणार नाही. खिशातून मोजपट्टी काढून ते चिखलात पाय टाकणार इतक्यात खिडकीतून आवाज आला. वाकडा, लाळेने भरलेला, पण मोठा.

"लावणी जाली हा. आठ दिस पिवळाच दिसतला. मगे उठता."

नंदू परक्यांसमोर बोलला होता. कारखानिसांना त्यातलं काही समजलं नाही, त्यांनी शिवदासकडे पाहिलं.

शिवदास खिडकीकडे बघत होता. मग तो कडेला उकिडवा बसला, एक जुडगा दोन बोटांत धरून हलकेच ओढला. जुडगा जागचा हलला नाही. त्याने पुन्हा ओढून बघितलं. उठला, आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, गावी बांधावर ठेवतात तशा.

"साहेब, बूट काढा," तो म्हणाला. "लावलेल्या शेतात पायताण घालून जात नाहीत."

कारखानीस गोंधळले, पाय मागे घेतला. म्हणाले, परब, आज रविवार आहे, ठरलेलं ते ठरलेलं, आणि गाडी तुमचीच लागणार होती ना इथे?

"रस्त्यावर लागते, तशी लागेल." शिवदासने वही उघडून मांडीवर घेतली. "ठरावात 'लागलेली असेल तर' असं आहे. हात लावून बघा, मूळ धरलंय. मी तसं लिहितो, तुम्ही सही करा."

कारखानीस वाकले. त्यांनीही एक जुडगा ओढून पाहिला, मग दुसरा, मग भिंतीकडचा एक. मग खिशातलं पेन काढलं.

सुगंधाने खिडकीकडे पाहिलं. नंदूने डोळे मिटले नव्हते. तो शिवदासला आत चहाला बोलावत होता.