बोट न लावलेला ठिपका

मी एक जुनी बरणी आहे. काचेची, रुंद तोंडाची, लोणच्याची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. पुढे हसायला जागा मिळणार नाही.

कुठल्या भट्टीत मी वितळले ते मला ठाऊक नाही. त्याचा मला अभिमान नाही आणि लाजही नाही. मंगरूळपीरच्या बाजारात जऊळक्याच्या कस्तुराबाईंनी मला टिचकी मारली, आवाज कान देऊन ऐकला आणि घरी नेलं. सात उन्हाळे मी त्यांचं आंब्याचं लोणचं सांभाळलं. एकदाही बुरशी धरू दिली नाही. आठव्या वर्षी माझं झाकण फुटलं आणि मी माळ्यावर गेले. तिथून मला खाली काढलं जगदेवनं. जगदेव म्हणजे कस्तुराबाईंचा मुलगा, कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर.

"माय, हे बरणी कॉलेजात नेतो."

"कायले? तुमच्या सायबाईले लोणचं पायजे काय?"

"नाई व माय. प्रॅक्टिकल हाय."

"ने मंग. पण फोडली तं घरी येऊ नको."

जगदेवनं मला राखेनं घासलं, सोड्यानं घासलं, गरम पाण्यात उकळलं. तेलाचा एक डागही ठेवला नाही. तोंडावर झाकायला खिडकीच्या काचेचा तुकडा कापून आणला. अशी मी शास्त्राच्या कामाला लागले.

माझं काम ऐका. सोयाबीन, तूर, अंडं, दूध, या सगळ्यांत प्रथिनं असतात. प्रथिनं ज्या लहान लहान विटांनी बांधलेली असतात, त्या विटा म्हणजे अमिनो आम्लं. पाण्यात विरघळली की सगळी सारखीच दिसतात, डोळ्यांना काही कळत नाही. मग काचेच्या पट्टीवर सिलिकाची पांढरी पूड पातळ सारवायची. ती वाळवायची. खालून बोटभर वर पेन्सिलनं रेघ मारायची आणि रेघेवर केसासारख्या बारीक नळीनं ठिपका द्यायचा. माझ्या तळाशी ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण. त्यात पट्टी उभी करायची, तोंड झाकायचं आणि गप्प बसायचं. मिश्रण पुडीतून वर चढतं, सोबत आम्लांनाही नेतं. ग्लायसीन खालीच रेंगाळतं. ल्युसीन त्याला मागं टाकून वर जातं. पट्टी बाहेर काढून वाळवायची, निनहायड्रिन फवारायचं, तापवायची. मग जांभळे ठिपके उमटतात. कोण किती चढलं ते मोजायचं आणि ओळखायचं.

मी हलले तर चुकेल, झाकण उघडलं तर चुकेल, घाई केली तर चुकेल. दीड दीड तास मी श्वास रोखून उभी राहिले आहे.

आणि याच कामासाठी बनवलेली चौकोनी काचपेटी त्याच प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात होती. तिच्यावरचं प्लास्टिकही कुणी काढलं नव्हतं. चावी विभागप्रमुख उदयसिंग सरांच्या खिशात. पाहणी समिती आली की पेटी टेबलावर, आणि मी मोरीत बादलीमागे. समिती चहा पिऊन गेली की पेटी कपाटात, मी टेबलावर. मला याचं दुःख नव्हतं. काम मी करत होते. पेटीनं एक ठिपका तरी उमटवला असेल तर दाखवावा.

दुःख पुढे सुरू झालं. दुःख कसलं, संताप.

ल्युसीन संपलं. जगदेवनं तीनदा मागणीचा कागद दिला. तीनदा तो सरांच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली गेला. मग समितीची तारीख आली.

"रिकामी बाटली दिसायला नको," सर म्हणाले. "भर त्यात काहीतरी पांढरं."

"काय भरू सर?"

"ग्लायसीन भर. पांढरं ते पांढरं. कोण चाखून बघतो?"

माझ्यादेखत जगदेवनं ल्युसीनच्या बाटलीत ग्लायसीन भरलं. बाटलीवरची चिठ्ठी ल्युसीनचीच राहिली. मला तोंड आहे, मित्रांनो, जीभ नाही. नाहीतर मी त्याच दिवशी ओरडले असते.

तेव्हापासून मुलांच्या पट्टीवर एकच ठिपका येऊ लागला. एकच येणार. मिश्रण म्हणून जे देत होते त्यात ग्लायसीन आणि ग्लायसीनच होतं. पण मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये दोन ठिपके होते, आणि परीक्षेला जर्नलसारखं दिसलं पाहिजे असा तिथला नियम. मग मुलांनी युक्ती काढली. फवारणीच्या आधी पट्टीवर, जिथं ल्युसीन असायला हवं तिथं, बोटाचं टोक हळूच दाबायचं. घामातही अमिनो आम्लं असतात. फवारलं, तापवलं की बोट जांभळं उमटतं. दोन ठिपके, पैकीच्या पैकी गुण! सर त्या वेळी खिडकीबाहेर बघत असत. तीन वर्षं पोरांनी रसायनशास्त्र नाही, बोट लावणं शिकलं.

मग आली निकिता. मेडशीची, सकाळच्या एस.टी.नं येणारी. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. शेवटचं वर्ष. प्रॅक्टिकलला नापास झाली की अख्खं वर्ष पाण्यात, आणि ते तिला परवडणारं नव्हतं. परीक्षक म्हणून अमरावतीहून ज्योत्स्ना मॅडम आल्या होत्या. बाकीच्या मुलांनी छोट्या पट्ट्या बीकरमध्ये ठेवल्या. निकितानं मला घेतलं. तिनं रुंद पट्टीवर एक नाही, तीन ठिपके दिले. डावीकडे बाटलीतलं ग्लायसीन, उजवीकडे बाटलीतलं ल्युसीन, मधे मिश्रण. असंच करायचं असतं. तीन वर्षांत कुणी केलं नव्हतं.

दीड तासानं तिनं पट्टी काढली, वाळवली. शेजारच्या टेबलावरून हरीओम कुजबुजला, "अवं, बोट लाव ना पटकन. सर तिकडं पाहून राह्यले."

"मी नाई लावत."

"सगळे लावून राह्यले! तुले काय वेगळा कायदा हाय?"

"नाई लावत म्हटलं ना. तुयं तू पाय."

"नापास हो मंग. पुढच्या वर्षी बी याच एस.टी.नं ये."

निकितानं फवारलं. पट्टी तापवली. तीनही ठिपके एका रांगेत, एकाच उंचीला उमटले. पट्टीवर दुसरं काही नाही.

उदयसिंग सर आले आणि पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. "हे काय? दोन पाहिजेत. चुकलं तुझं. बोट, म्हणजे नळी नीट लावली नाहीस."

"नीट लावली सर."

"मग दुसरा ठिपका कुठाय?"

"नाई आला सर. जे आलं ते हे."

"असं लिहिलंस तर मी पास करणार नाही. विचार कर."

निकिताच्या पट्टीवर निनहायड्रिन अजून होतंच. मला वाटलं, आता बोट दाबेल आणि पट्टी पुन्हा तापवेल. ती एकवीस वर्षांची मुलगी, घर लांब, समोर सर. दाबलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. पण तिनं वहीत लिहिलं: तीनही ठिपके समान उंचीवर. मिश्रणात एकच अमिनो आम्ल दिसते. ल्युसीनच्या बाटलीतही तेच असावे.

सरांनी वहीवर लाल रेघ मारली.

ज्योत्स्ना मॅडम तोवर बाकीच्या पट्ट्या तपासत होत्या. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं. एक पट्टी पाहिली, दुसरी पाहिली, मग सगळ्या रांगेत मांडल्या. "इकडे या सगळे," त्या म्हणाल्या. "हे ल्युसीन मला जरा नवीनच दिसतंय. याला रेषा आहेत."

मॅडमनी भिंग पुन्हा एकदा पट्ट्यांवरून फिरवलं.

"दहा पट्ट्यांवर दहा बोटं. पोलिसांना दिलं तर तुम्ही सगळे सापडाल. आणि ही एक पट्टी, जिच्यावर कुणाचं बोट नाही, तिला लाल रेघ? का हो सर?"

"मॅडम, त्या मुलीची बरणी घाण आहे. लोणच्याची बरणी आहे ती! जगदेवला कितीदा सांगितलं." सर माझ्याकडे बोट दाखवत होते. माझ्याकडे! सगळं पाप माझ्या काचेवर ओतायला निघाले होते.

तेव्हा सिंकपाशी उभा असलेला जगदेव पुढं आला. पंधरा वर्षांत तो मॅडम-साहेब लोकांत स्वतःहून एक शब्द बोलला नव्हता.

"बरणी साफ हाय मॅडम. मी घासली. बाटली खोटी हाय. ल्युसीनच्या बाटलीत मीच ग्लायसीन भरलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

त्यानं सरांकडे पाहिलं. "सरांयनं सांगतलं म्हणून. पण हात माये होते. ते मी नाई म्हणत नाई."

मग सरांनी मला उचललं आणि "आधी ही घाण बाहेर फेका" म्हणत सिंकमध्ये आदळलं. मी फुटले नाही. तोंडाचा एक टवका उडाला, तेवढंच. मॅडमनी वहीवरच्या लाल रेघेशेजारी निळ्या शाईनं लिहिलं, निरीक्षण बरोबर, आणि सही केली. निकिता पास झाली. बाकी दहा जणांचं प्रॅक्टिकल पंधरा दिवसांनी पुन्हा ठरलं. जगदेवला नोटीस आली. ती त्यानं खिशात घडी करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आला. सरांना काय आलं ते मला माहीत नाही. त्यांच्या खिशातली कपाटाची चावी मात्र आता भिंतीवरच्या खिळ्याला असते.

मॅडमनी अमरावतीहून ल्युसीनची छोटी बाटली पाठवली. पुन्हा प्रॅक्टिकल झालं त्या दिवशी काचपेटी टेबलावर होती, नवीकोरी. पण हरीओमनं मला ओढलं.

"टवका गेलेली हाय ते," जगदेव म्हणाला. "पेटी घे ना बापा."

"नाई, हेच पायजे. निकिताची हे चालली ना, मंग माई बी चालते."

पट्टी आत ठेवताना माझ्या टवक्यानं त्याच्या उजव्या हाताची तर्जनी कापली. रक्त आलं. जगदेवनं चिंधी बांधून दिली. "आता लाव बोट," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. हरीओमही हसला. दीड तासानं त्याच्या पट्टीवर दोन ठिपके उमटले. एक खाली, एक वर. गोल, स्वच्छ, बिनरेषांचे. मॅडमना भिंग काढावं लागलं नाही. पट्टी धरलेल्या बोटाला चिंधी होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी विनवतात, आम्हाला जपा, आमच्यावर धूळ बसू देऊ नका. मी विनवणार नाही. मला जपून ठेवू नका. जपून ठेवलेल्या पेटीनं काय दिवे लावले ते मी पाहिलं आहे. मला वापरा. घासा, भरा, झाका, आणि दीड तास वाट बघा. एक ठिपका आला तर एक लिहा. एकही नाही आला तर 'एकही नाही' असं लिहा. कुणी दुसरा मागितला तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

माझ्या तोंडाला टवका आहे. तो घासून गुळगुळीत करू का, असं जगदेवनं मला पुसताना परवा गुणपत्रिका न्यायला आलेल्या निकिताला विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. बोट लावणाऱ्याले लागलंच पायजे."

म्हणून तो तसाच आहे.